भोपळेमास्तरांची गाठ

पाण्याला भिणारी माणसं जगात कमी नाहीत. ती बिचारी नदीकडे जात नाहीत, विहिरीत डोकावत नाहीत, आणि आपल्या अंथरुणावर पडून सुखाने मरतात. पण पाण्याला भिणाऱ्या माणसाने पोरांना पोहायला शिकवायची नोकरी धरावी, वर्षानुवर्षं ती निभवावी, आणि गावाने त्याला पट्टीचा पोहणारा म्हणून रामराम घालावा, हे आमच्या शहापुरातच घडलं. बरं, घडलं ते घडलं, पण शहापुरातल्या एकाही बाप्याला ते कळलं नाही. कळलं ते एका नऊ वर्षांच्या मुलीला, आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

दत्तोपंत सदलगेकर हे शाळेचे ड्रिल मास्तर. उंच, हाडकुळे, मिशा मात्र भरघोस. त्यांनी मैदानावर ‘एक-दोन’ म्हटलं की शेजारच्या बोळातले साडीचे माग बंद पडायचे, असा आवाज. एका वर्षी वरून हुकूम आला की ड्रिल मास्तराची जागा कमी करा. मात्र तो मास्तर पोहणं शिकवीत असेल तर ठेवा. हेडमास्तर बाळेकुंद्री मनाने मऊ. ते डोक्याला हात लावून बसले होते. एवढ्यात त्यांची नजर दत्तोपंतांवर पडली आणि ते ओरडले, “अहो, तुम्ही सदलग्याचे की हो! दूधगंगेच्या काठचे!”

आता आमच्या मुलखात माणसाच्या आडनावात त्याचं गाव असतं आणि गावाबरोबर गावाची विद्याही त्याच्या गळ्यात पडते. निपाणीकर म्हटला की त्याला तंबाखूची पारख असणार. शहापूरकराला लुगड्याची असणार. तसा सदलगेकर म्हटला की तो पोहणारच, त्यात विचारायचं काय? दत्तोपंतांनी सदलगा सोडला तेव्हा ते आईच्या कडेवर होते. पत्रिकेत ‘जलभय’ लिहिलेलं, म्हणून आई त्यांना न्हाणीतल्या घंगाळाजवळसुद्धा एकटं सोडत नसे. हे सगळं हेडमास्तरांना सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण घरी बायको होती, नोकरी एकच होती, आणि उघडलेल्या तोंडातून शब्द आला तो “होय.”

त्या एका ‘होय’ने दत्तोपंत पट्टीचे पोहणारे झाले.

शिकवण्याची जागा म्हणजे आण्णाप्पाच्या मळ्यातली विहीर. चांगली ऐसपैस, पायऱ्यांची, पण पाणी हिरवं आणि तळ कुणी बघितलेला नाही. आण्णाप्पा काठावर बिडी ओढत बसायचा आणि नव्या पोराला आधी माहिती द्यायचा, “हितं सात आसरा हाईत बघ. सगळ्या झोपत्यात, पर एक जागी असतीया.” पोरं खदाखदा हसायची. दत्तोपंतांना मात्र दर वेळी वाटायचं, ही जी जलदेवता जागी आहे ती आपलीच वाट बघत असणार. दर उन्हाळ्यात ते पहिल्या दिवशी खणानारळाने विहिरीची ओटी भरायचे. शहापुरात त्यांच्याइतका भाविक ड्रिल मास्तर दुसरा नव्हता.

पोहणं शिकवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. वाळवलेला कडू भोपळा पोराच्या पाठीला बांधायचा आणि पाण्यात सोडायचं. मास्तरांनी त्यात एकच सुधारणा केली, ती म्हणजे एक भोपळा स्वतःलाही बांधला. कुणी विचारलं तर म्हणायचे, “मुलांना धीर यावा म्हणून!” लोकांना केवढं कौतुक! एवढा सदलग्याचा पोहणारा, पण पोरांसाठी पाठीला भोपळा बांधून फिरतो, काय साधा माणूस! त्यांना भोपळेमास्तर हे नाव पडलं ते असं, आदराने. मास्तरांना ते नाव मुळीच आवडत नसे. पण भोपळा सोडण्यापेक्षा नाव परवडलं.

आणि एक सांगतो, माणूस भित्रा होता म्हणूनच मास्तर मोठा होता. भीती बाळगणारा माणूस दोरी तीनदा ओढून बघतो. मास्तर पाण्यात उतरण्याआधी डोकी मोजायचे, उतरल्यावर मोजायचे, वर आल्यावर मोजायचे, आणि घरी जाताना मारुतीच्या देवळापाशी पोरांना उभं करून पुन्हा मोजायचे. त्यांच्या हाताखाली कुणाच्या नाकात पाणी गेलं नाही. भोपळा सोडवायची तर त्यांची खास युक्ती होती. पोराच्या भोपळ्याला ते सुरगाठ मारायचे, एक टोक ओढलं की सुटणारी. पोरगं जरा हातपाय मारायला लागलं की त्याला म्हणायचे, “एकोणतीसचा पाढा म्हण.” एकोणतीसचा पाढा म्हणताना कुठल्या पोराला जगाची शुद्ध राहते? ‘एकोणतीस सक’पाशी पोरगं अडखळलं की हळूच टोक ओढायचं. पाढा संपेस्तोवर भोपळा एकीकडे, पोरगं दुसरीकडे. “विचारून सोडला तर कुणी सोडू देत नाही,” असं ते म्हणत.

स्वतःच्या भोपळ्याला मात्र ते निरगाठ मारायचे. एकावर एक दोन. शिवाय डावा हात कायम गाठीवर. पोहणं चालायचं ते उजव्या हाताने आणि दोन पायांनी. हा डावा हात गाठीवरून निघायचा एकाच प्रसंगी. तो म्हणजे दूधगंगेच्या महापुराची गोष्ट सांगताना. ऐन आषाढात पूर दोन्ही थड्या भरून चाललाय, पलीकडे गाभण म्हैस अडकलीय, आणि लहानगा दत्तू दाताने दावं धरून पुरात झेपावतोय, अशी ती गोष्ट. ती निखालस खोटी होती. पण लाटा एवढ्याएवढ्या होत्या, म्हैस एवढी होती, हे एका हाताने सांगताच येत नसे. पोरं पायऱ्यांवर बसून आ वासून ऐकायची.

सगळं असं बेतात चाललं होतं, आणि त्यात कित्तूरकर वकिलांची नीला शिकायला आली.

रघुवीरपंत कित्तूरकर म्हणजे बेळगावच्या कोर्टातलं बडं प्रस्थ. त्यांनी ठरवलं, मुलीला पोहता आलं पाहिजे. गावात कुजबुज झाली. मुलीच्या जातीला पोहणं कशाला, पुढं हिला नवरा कुठला मिळायचा, जहाजावरचा? वकील कुणाला भीक घालणारे नव्हते. त्यांनी मास्तरांना एवढंच सांगितलं, “मास्तर, एकुलती एक आहे.” आवाज अगदी गोड होता. पण मास्तरांना त्या चार शब्दांत दिवाणी आणि फौजदारी दोन्ही दावे ऐकू आले.

नीला परकराचा काचा मारून यायची. सोबतीला तिची आत्या मनुबाई, जी वर काठावर बसून डोळे मिटून जप करायची. उघडे डोळे ठेवायचं तिचं धाडस नव्हतं. मुलगी चार दिवसांत माशासारखी झाली. पण मास्तर काही तिचा भोपळा सोडीनात. आज वारा आहे, आज पाणी चढलंय, आज अमावास्या आहे. बाकीची पोरं सुटली, नीला बांधलेलीच. मग ती विहिरीत तरंगत मास्तरांकडे बघत राहायची आणि प्रश्न विचारायची.

“मास्तर, तुम्ही दोन गाठी का मारता?”

“मुलांना धीर यावा म्हणून.”

“गाठ तर तुमच्या पाठीला असते. मुलांना कुठं दिसते?”

मास्तरांना त्या दिवसापासून विहिरीपेक्षा या पोरीची जास्त भीती वाटायला लागली. विहीर निदान बोलत तरी नव्हती.

ही दहशत कमी होती म्हणून की काय, हेडमास्तरांना वैशाखात जलक्रीडा महोत्सवाची हुक्की आली. पोरं पोहून दाखवणार, साहेबलोक बघायला येणार, आणि शेवटी “आमचे सदलगेकर मास्तर भोपळ्याशिवाय पोहून दाखवतील! एकदा बघू दे की लोकांना, दूधगंगेचं पाणी काय आहे ते!” जमलेल्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. दत्तोपंतांनीही वाजवल्या. टाळ्या थांबल्या की काहीतरी बोलावं लागणार, म्हणून त्यांच्या टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ वाजल्या.

त्यांचा सगळा भरवसा आता सरकारवर होता. कारण ही गोष्ट स्वातंत्र्याच्या दहाबारा वर्षं आधीची. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या खालसात. आण्णाप्पाची विहीर अशी जागच्या जागी बसलेली, की पायऱ्या संस्थानात आणि मोट खालसात. म्हणजे दोन कचेऱ्यांची परवानगी लागणार. मास्तरांनी स्वतःहून अर्ज लिहायचं काम अंगावर घेतलं. संस्थानच्या अर्जात मुद्दाम लिहिलं की खालसाची परवानगी बाकी आहे, आणि खालसाच्या अर्जात लिहिलं की संस्थानची बाकी आहे. असा अर्ज आपल्या हयातीत कुठल्याच टेबलावरून हलणार नाही, याची त्यांना खात्री होती.

पण नशीब फिरलं की सरकारसुद्धा वेळेवर काम करतं. संस्थानच्या कारकुनाला वाटलं, खालसावाले आधी परवानगी देऊन मान खाणार. खालसाच्या कारकुनालाही तेच वाटलं. दोन्ही परवानग्या एकाच टपालाने, शिक्क्यासकट हजर. वर दोन्हीकडचे साहेब महोत्सवाला जातीने येणार असल्याचं कळवलेलं. मास्तर ते कागद हातात धरून शाळेच्या पायरीवर मटकन बसले. शिपाई भरमू म्हणाला, “मास्तर, आनंद झाला न्हवं? मला बी लई झाला.”

आता एकच उपाय राहिला होता. चोरून पोहायला शिकायचं. शहापुरात शक्य नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी त्यांनी सायकल काढली आणि उचगाव गाठलं. तिथला भावकू त्यांच्या घरी तांदूळ घालायचा. त्याला त्यांनी बाजूला घेऊन म्हटलं, “तुमच्याकडं पोरांना कसं शिकवतात, ती पद्धत जरा बघायची होती.”

“पद्धत कसली वो मास्तर? मानगुट धरायचं आन् हिरीत टाकायचं. हातपाय मारतंय त्येच्या बाऽनं!”

“आणि नाही मारले तर?”

भावकूने जरा विचार केला. “तसलं एक झालतं खरं, आमच्या आज्याच्या वक्ताला.”

मास्तर एवढं ऐकून परत फिरणार, तोवर गावात बातमी पसरली होती की शहापूरचे पोहणारे मास्तर आलेत. विहिरीवर ही गर्दी. रुक्माबाई नावाची म्हातारी पुढं आली आणि तिने मास्तरांचे पायच धरले. तिची तांब्याची घागर काल विहिरीत पडली होती. “लेकीनं दिलेली हाय वो. तुमी देवावानी आलासा. बुडी मारून काढा तेवढी.”

 सगळं उचगाव त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघत उभं, आता काढतील, मग काढतील. मास्तरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “परक्या विहिरीत एकदम उतरू नये. शास्त्र आहे. आधी गळ आणा.” गळ आला. मास्तर काठावर पालथे झोपले, भावकूला पाय घट्ट धरायला लावले, आणि डोळे मिटून गळ फिरवू लागले. डोळे मिटले ते पाणी दिसू नये म्हणून, पण लोकांना वाटलं ध्यान लावलं. आणि दैव कसं असतं बघा, गळ तिसऱ्या फेरीला घागरीच्या काठाला लागला.

“अंगाला पानी न लावता काढली की!” उचगाव ओरडलं.

मास्तर सायकलवरून शहापुरात पोचायच्या आत बातमी बाजाराच्या गाड्यांबरोबर पोचली होती, आणि वाटेत तिला अंगही चांगलं भरलं होतं. मास्तरांनी उचगावच्या तळ नसलेल्या विहिरीत बुडी मारली, घटकाभर आत राहिले, आणि दाताने घागर धरून वर आले. हेडमास्तरांनी दारातच मिठी मारली. “नुसतं पोहणं आता शोभत नाही हो तुम्हाला! मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावरून उडी टाका. वरून थेट!”

झालं. मग गल्ली सुरू झाली. आमच्या शहापुरात सल्ल्याला पैसा पडत नाही, पण प्रत्येक सल्ल्याला एक मेलेला माणूस जोडलेला असतो. मागावरून उठून शामूअण्णा सांगायला आले, “उडी टाकताना पोट आत ओढा. सांबऱ्याच्या एकानं नाही ओढलं, तिथंच गेला.” समोरच्या जयाबाईंनी कानात तेल घालायला सांगितलं. त्यांच्या दिराने नव्हतं घातलं. कासार म्हणाला, उपाशीपोटी उडी घ्या. कासाराची बायको म्हणाली, चुकूनसुद्धा उपाशीपोटी नको, आमचा भाचा तसाच गेला. मास्तर सगळ्यांना हसून मान डोलवत होते, आणि मनात मेलेल्यांची रांग लावत होते. रांगेच्या शेवटी एक जागा रिकामी दिसत होती.

त्यांनी आजारी पडून बघितलं. अंथरूण धरलं, कण्हले. त्यांच्या बायकोने, विनोदिनीबाईंनी, त्यांच्या कपाळाला हात लावला, नाडी बघितली, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “अंग गार आहे की तुमचं.”

“आतून ताप आहे.”

“आतून आहे ते मला लग्नापासून ठाऊक आहे. सहा महिन्याला एकदा डोक्यावरून पाणी घेता, तेही ‘हर हर गंगे’ ओरडत. उडी मारायची नसेल तर मारू नका. नोकरी गेली तर दोघं मिळून पापड लाटू. पण काढा केलाय, तो प्या.”

काढा चिराइताचा होता. मास्तर तो पिऊन मुकाट्याने उठले. बायकोला पापड लाटावे लागतील, हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं होतं. बुडण्याची भीती आणि नोकरीची भीती अशा दोन्ही भीती त्यांनी मनातल्या मनात तोलून बघितल्या. पारडं काही हलेना.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी नीला दारात उभी. मागं मनुबाई, हातात जपमाळ.

“मास्तर, उद्या सगळे भोपळ्याशिवाय पोहणार. मी एकटीच बांधून पोहू? आज माझा सोडा की.”

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण वकिलांचा निरोपही तोच होता. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. आण्णाप्पा आंब्याखाली आडवा झालेला. मनुबाईने काठावर बसून डोळे मिटले. मास्तर भोपळे घेऊन पायरीवर बसले, पण त्यांचे हात असे कापत होते की नीलाची सुरगाठ मारायलाच घटका गेली. स्वतःची निरगाठ तर जमेचना. दोरी हातातून निसटायची.

“मी बांधते की,” नीला म्हणाली. “पाठ करा इकडं.”

मास्तरांनी पाठ केली. बुडणाऱ्याला काडी पुरते, तसं त्यांचं झालं होतं. कोण बांधतंय, कशी बांधतंय, हे बघायचं त्राण नव्हतं. त्यांनी डावा हात मागं नेऊन गाठ चाचपली. गाठ होती. तेवढं पुरलं.

दोघंही पाण्यात उतरली. पाणी गार होतं, हिरवं होतं, आणि मास्तरांच्या मते जरा जास्तच शांत होतं. त्यांना ती जागी असलेली आसरा आठवली. विहिरीच्या मध्यावर आल्यावर त्यांनी म्हटलं, “एकोणतीसचा पाढा म्हण.”

“म्हणते. पण आधी तुम्ही महापुराची गोष्ट सांगा. मला भीती वाटते आहे.”

आता मुलीने भीती वाटते म्हटल्यावर मास्तर काय करणार? त्यांनी गोष्ट सुरू केली. आधी एका हाताने. पण पूर चढला तसा त्यांना हुरूप चढला. “पाणी असं आलं,” आणि डावा हात गाठीवरून सुटला. “लाटा एवढ्या! म्हैस एवढी! मी म्हटलं, दत्तू, आज तू नाहीतर म्हैस!” दोन्ही हात पाण्यावर उसळत होते, पाय आपोआप चालत होते. नीला त्यांच्याभोवती गोल फिरत “मग? पुढं?” करत होती. गोष्ट संपवून धापा टाकत मास्तरांनी तिला पाढा सुरू करायला लावला. ती ‘एकोणतीस सक’पाशी अडखळली, आणि सवयीने त्यांचा हात तिच्या सुरगाठीकडे गेला. टोक ओढलं. भोपळा सुटला. नीला पुढं पोहतच राहिली.

मास्तरांना आनंदाने भडभडून आलं. वकिलांची एकुलती एक मुलगी बिनभोपळ्याची पोहत होती आणि जिवंत होती! ते ओरडले, “नीला! मागं बघ! तुझा भोपळा सुटलाय!”

“ठाऊक आहे,” नीला म्हणाली. “मास्तर, तुमचा पण.”

मास्तरांनी बघितलं. पाण्यावर दोन भोपळे शेजारी शेजारी डुलत होते.

पुढचं काय सांगावं! मास्तर सरळ खाली गेले. हिरव्याचं काळं झालं. नाकातोंडात पाणी, कानात घंटा, डोळ्यांपुढं सांबऱ्याचा तो माणूस, जयाबाईंचे दीर, कासाराचा भाचा, सगळे ओळीने उभे राहून म्हणत होते, या, बसा. मास्तर आयुष्यात एवढे कधी घाबरले नव्हते, आणि त्यांचा अनुभव या बाबतीत दांडगा होता. त्यांनी लाथ मारली. डोकं वर आलं. पुन्हा खाली जाणार, तेवढ्यात हातभर अंतरावरून एक बारीक, कडक आवाज आला, अगदी त्यांच्याच थाटाचा:

“पाय मारा! माझ्याकडं बघू नका, पायरीकडं बघा! एकोणतीसचा पाढा म्हणा!”

“ए... एकोणतीस... एके...” मास्तरांनी चूळ टाकली. “एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! अगं मेलो! एकोणतीस त्रिक...”

“त्रिक किती?”

“सत्त्याऐंशी!”

“हात लांब घ्या. पुढं?”

“चोक एकशे सोळा! पाचे... पाचे एकशे पंचेचाळीस!” सकपाशी ते अडखळले, पण आता सोडायला काही उरलंच नव्हतं. “साते दोनशे तीन!” म्हणताना त्यांचा गुडघा दगडावर आपटला. ती पायरी होती.

मास्तर पायरीला मिठी मारून रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. वर मनुबाईने डोळे न उघडता विचारलं, “नीला, आहेस ना गं?” नीला म्हणाली, “आहे, आत्या. मास्तर पण आहेत.”

बऱ्याच वेळाने मास्तरांनी मिशा पिळल्या आणि हळूच विचारलं, “तुला केव्हापासून ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. मला लई भीती वाटत होती, म्हणून मी तुमच्याकडं बघितलं. तर तुम्ही माझ्याहून जास्त भीत होता. मग माझी गेली.”

“आणि न विचारता सोडलास होय गं?”

“तुम्हीच म्हणता की, विचारून सोडला तर कुणी सोडू देत नाही.”

 मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, “बाळ, कुणाला सांगू नकोस हं.”

“काय सांगू?” नीलाने परकर पिळला. “तुम्ही पोहलात की.”

दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोन राज्यं लोटली. संस्थानवाले पायऱ्यांकडे, खालसावाले मोटेकडे, सगळे आपापल्या हद्दीत खुर्च्या मांडून. पोरं पोहली, नीला पोहली, वकिलांनी चष्मा पुसला. मग मास्तर थारोळ्यावर उभे राहिले. पाठ उघडी. भीती मुळीच गेली नव्हती. खाली पाणी तेवढंच हिरवं होतं. फक्त त्या पाण्यात एका कडेला नीला पायरी धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मास्तरांचेही ओठ हलू लागले. गर्दीत विनोदिनीबाईंनी पदर तोंडात धरला. आणि मास्तरांनी उडी टाकली. सूर म्हणाल तर तो सूर नव्हता, गाठोडं पडावं तसे ते पडले. साहेबाच्या टोपीपर्यंत पाणी उडालं. बराच वेळ काही दिसेना. मग मिशा वर आल्या, मग हात, आणि हळूहळू सगळे मास्तर पायरीला लागले.

“कुठला मंत्र म्हणत होते हो?” संस्थानच्या साहेबांनी विचारलं. “वरुणसूक्त असणार,” हेडमास्तर म्हणाले. शहापुरातली पोरं अजूनही विहिरीत उडी टाकण्याआधी हात जोडून काहीतरी पुटपुटतात, ते तेव्हापासून.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांनी पुन्हा ओटी भरली, पुन्हा डोकी मोजली, आणि पुन्हा पाठीला भोपळा बांधला. लोकांना त्याचं काही वाटलं नाही. मष्णू नावाचं एक नवं पोरगं मात्र काठावर बसून राहिलं, काही केल्या उतरेना. ते मास्तरांच्या पाठीकडे बोट करून म्हणालं, “मास्तर, तुमास्नी पवायला येतंय न्हवं? मग भोपळा कशाला?”

पायऱ्यांवरच्या नीलाने चटकन वर बघितलं. मास्तरांच्या तोंडी नेहमीचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“भीती वाटते रे,” मास्तर म्हणाले.

मष्णू त्यांच्याकडे बघत राहिला. “तुमास्नी बी?”

“मला तर फार.”

पोरगं खुदकन हसलं, भोपळा बांधून घ्यायला पाठ केली, आणि मास्तरांचा हात धरून पाण्यात उतरलं.